तो ओंडका हलला होता

पुणे,
किंक्रांत

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तिळाच्या वड्या काल कुरिअरला टाकल्या आहेत. फुटलेल्या निघाल्या तर आईला बोलू नकोस, खोकं मी बांधलं होतं.

पत्राचं कारण मात्र वेगळं आहे. गोव्याचे फोटो तू पाहिलेस, पण आम्ही कुंभारजुव्याच्या कालव्यात पुन्हा मगरी बघायला गेलो होतो, हे मी फोनवर मुद्दाम बोललो नाही. तू हसत सुटली असतीस आणि मला जे सांगायचंय ते राहून गेलं असतं.

ती मे महिन्यातली फेरी आठवते का तुला? आठ वर्षांची होतीस. लाइफ जॅकेट गुडघ्यांपर्यंत आलेलं. भर दुपार, पाणी काठोकाठ, आणि दोन तासांत मगरीचं शेपूटही नाही. ‘मगर नक्की दिसणार’ म्हणून ज्याने पैसे घेतले होते त्याच्याशी मी होडीतच हुज्जत घालत होतो. तू माझी बाही ओढत होतीस. “बाबा, तो ओंडका मघाशी तिकडे होता. आता इकडे आलाय.” मी खेकसलो, “ओंडके हलत नसतात, गप्प बस.” पाण्यातले ओंडके हलतात, हे निदान सिंचन खात्यात नोकरी करणाऱ्या माणसाला तरी कळायला हवं होतं! पणजी येईपर्यंत तू तोंड उघडलं नाहीस. आइस्क्रीमसुद्धा नको म्हणालीस.

या वेळी सकाळीच निघालो. होडी बाणस्तारीच्या पुलाखालून गेली आणि मी होडीवाल्याला आपली जुनी रड ऐकवली. तो हसला. म्हणाला, “मे महिन्यात, दुपारी, भरतीला? मग कशी दिसणार?” मगरीचं रक्त थंड, अंग तापवायला तिला ऊन लागतं. थंडीत ती सकाळी चिखलावर येऊन पडते. पण तो चिखल उघडा पडतो ओहोटीला. भरती आली की काठच पाण्याखाली, मग मगर पडणार कुठे? आपण पैसे दिले त्या दिवशी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितलं होतं का कुणी? मीही नाही.

हा कालवा मांडवी आणि झुआरीला जोडतो. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आडवा यायचा, तेव्हा खनिजाच्या बार्जी इथूनच झुआरीकडे जायच्या. मगर खरं तर गोड्या पाण्यातली. इथे ती मचूळ, उन्हाळ्यात तर चांगल्याच खारट पाण्यात राहते. दोन्ही काठांना तिवर आणि कांदळ, म्हणजे खारफुटीची झाडं. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी वर आलेली.

एका वळणावर त्याने इंजिन बंद केलं. “ओगी रावात,” म्हणजे गप्प राहा, एवढंच म्हणाला. कोंकणीत मगरीला मांगें म्हणतात हे मला ठाऊक होतं, पण त्याने नावही घेतलं नाही, नुसती हनुवटी उचलली. मला समोर एक ओंडका दिसला. आईने माझा दंड घट्ट धरला. तिला आधीच दिसलं होतं.

ओंडक्याला पुढच्या टोकाशी दोन गाठी होत्या आणि जरा मागे आणखी दोन. पुढच्या नाकपुड्या, मागचे डोळे. बाकी सगळं पाण्याखाली.

दुसरी चिखलावर होती, दहा-अकरा फुटांची. जबडा वासलेला. तो राग नव्हे. अंग फार तापलं की तोंड उघडं ठेवते, असं तो म्हणाला. पाठीवरचा चिखल वाळून राखाडी झालेला, पोटाकडचा अजून ओला, काळा. तिच्या शेपटीपासून हातभर अंतरावर एक निवटी, चिखलात राहणारा छोटा मासा, डोळे वर काढून टुणटुण उड्या मारत होती, जणू शेजारी कुणी नाहीच. आम्ही जरा पुढे सरकलो आणि मगर पाण्यात गेली. मला वाटलं होतं धपकन आवाज होईल. काही नाही. चिखलात पोटाची एक रुंद सरी उरली, दोन्ही बाजूंना नखांचे ओरखडे, आणि बघता बघता सरीत पाणी भरलं.

येताना त्याने काठचे बांध दाखवले. बांधापलीकडे खाजन जमिनी, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं, कोरगूट नावाच्या भाताची. बांध फुटला की खारं पाणी शेतात. दुर्भाट गावात पौष अमावास्येला मांगे थापणी असते, चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. आई म्हणाली, आपण मकर संक्रांत करतो, हे खऱ्याखुऱ्या मकराची पूजा करतात. मला हे आवडलं, पण तिला तसं म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर गेलो. तिथलं सलीम अली पक्षी अभयारण्य १९८८ सालचं, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर. खंड्या दिसले, पाणकावळे दिसले, बाकी डासांनी फोडून काढलं. त्याबद्दल आई लिहील.

तर सई, त्या दिवशी तू मगर पाहिली होतीस. होडीत सगळ्यांत आधी, आणि बहुतेक एकटीनेच. मी अठरा वर्षं लोकांना सांगत आलो की आम्हाला गोव्यात फसवलं, एक मगर दिसली नाही. आईला परवा होडीतच म्हटलं, तर ती म्हणाली, “मला काय सांगता, तिला लिहा.”

तुझ्या त्या ओंडक्याला पुढे दोन गाठी होत्या का गं? आणि त्याचं तोंड कुठल्या बाजूला होतं, पुलाकडे की काठाकडे? आठवत असेल तर कळव.

तुझा
बाबा