मार्गाला नाव दिले, खांबांचे काय?

महोदय,

पायी-सायकलने जायच्या मार्गाला स्थानिक लोकप्रतिनिधीचे नाव द्यावे की नाही, यावर भरपूर वाद झडतो. दिलेले नाव लिहायचे कुठे आणि कसे, हे मात्र ठेकेदारावर सोडले जाते.

लॉस एंजेलिसचे मार्विन ब्राउडी १९६५ ते १९९७ अशी ३२ वर्षे नगरसेवक होते, आणि पक्के सायकलस्वार. त्यांच्या नावाचा मार्ग सांता मोनिका उपसागराच्या काठाने विल रॉजर्स किनाऱ्यापासून टॉरन्सपर्यंत सुमारे ३५ किलोमीटर जातो. वाटेत अनेक शहरांच्या हद्दी लागतात, मरीना डेल रे येथे बंदराला वळसा पडतो आणि बरेच लोक या मार्गाला ‘स्ट्रँड’च म्हणतात. अशा मार्गावर दोन टोकांच्या दोन कोनशिला काय कामाच्या? वळसा संपल्यावर नवख्याला आपण त्याच वाटेवर आहोत का, ते कळत नाही. कोणी पडलेच, तर रुग्णवाहिकेला ठिकाण काय सांगणार?

म्हणून दर ५०० मीटरवर आणि प्रत्येक फाट्यावर खांब हवा. त्यावर अधिकृत नाव, खाली लोकांच्या तोंडचे नाव आणि ठळक क्रमांक. क्रमांकाचा शून्य अशा टोकाला धरावा, जिथून मार्ग पुढे वाढणार नाही; नाहीतर पहिल्याच विस्तारात सगळे आकडे बदलावे लागतात. हेच क्रमांक रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या नकाशात नसतील, तर खांब नुसती शोभा. अक्षरे सायकलस्वारासाठी किमान ५० मिलिमीटर उंच हवीत. खांब मार्गाच्या कडेपासून ६० सेंटिमीटर बाहेर घ्यावा, म्हणजे हँडल आपटत नाही.

समुद्राकाठी खरी गोम बोल्टमध्ये असते. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला साधा लोखंडी बोल्ट लावला, की खारट ओलाव्यात दोन धातूंच्या संपर्काने भोकाभोवतीचा पत्रा खाल्ला जातो, बोल्ट गंजतो आणि पाटी लोंबू लागते. ३१६ प्रतीचा स्टेनलेस बोल्ट घ्यावा आणि मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा. नुसता बोल्ट बदलून भागत नाही.

राहिला मजकूर. ज्याच्या नावाचा मार्ग त्याचे नाव, पदाचा काळ आणि या मार्गासाठी त्याने काय केले, ते दोन ओळींत. उद्घाटकांच्या नामावळीला वेगळी शिला करावी. सायकलवरून ती वाचायला तसेही कोणी थांबत नाही.

– मार्गफलकांचे काम करणारे काही जण