एएमसी सॉफ्टवेअरची, खालच्या सर्व्हरचे काय?

महोदय,

बेळगाव शहरापासून खानापूर, निपाणीपर्यंत सौहार्द सोसायट्या, पतसंस्था आणि कॉलेजे यांचा कारभार आता ब्राउझरमधून चालतो. त्यासाठी दरवर्षी एएमसी (वार्षिक देखभाल करार) भरली जाते. व्याजदर बदलला किंवा पावतीवर कन्नड मजकूर घालायचा असला की कंपनीचा माणूस येऊन करून जातो. पण ते सॉफ्टवेअर ज्याच्यावर चालते, त्या सर्व्हरचे नाव एएमसीच्या कागदात शोधून सापडत नाही. सॉफ्टवेअर जावा या प्रोग्रामिंग भाषेतले असेल तर हा सर्व्हर बहुधा अपाचे टॉमकॅट नावाचा प्रोग्राम असतो. बसवला त्या दिवशी जी आवृत्ती होती, तीच पुढे वर्षानुवर्षे चालू राहते. चालतंय ना, मग कशाला हात लावायचा, ही आपली जुनी सवय.

आवृत्ती पाहायला तज्ज्ञ लागत नाही. आपल्या सॉफ्टवेअरच्या पत्त्यापुढे नसलेल्या पानाचे काहीतरी नाव टाइप करा. निळसर पट्टीवर ‘४०४’ लिहिलेले पान आले, की बहुतेक वेळा तळाशी आवृत्तीही छापलेली असते. (ती तुम्हाला दिसते तशी जगालाही दिसते.) तिथे नसेल तर टॉमकॅटच्या ‘बिन’ फोल्डरमधली ‘व्हर्जन’ फाइल कमांड प्रॉम्प्टमधून चालवावी. ७ निघाली तर तिच्या दुरुस्त्या ३१ मार्च २०२१ ला थांबल्या आहेत आणि ८.५ च्या ३१ मार्च २०२४ ला. यानंतर सापडलेल्या भोकांना तिथे ठिगळ (पॅच) मिळत नाही.

९ आहे म्हणून निश्चिंत व्हावे असेही नाही, शेवटचा आकडाही पाहावा. ९.०.३१ च्या आधीच्या आवृत्तीत ८००९ हे एजेपी पोर्ट (पुढे बसवलेल्या वेब सर्व्हरने टॉमकॅटशी बोलण्याचे दार) मूळ सेटिंगमध्येच सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर उघडे असे. त्यातून बाहेरच्याला अ‍ॅप्लिकेशनच्या आतल्या फाइली वाचता येत. डेटाबेसचा पासवर्ड अशाच एखाद्या फाइलमध्ये साध्या अक्षरांत पडलेला असतो. ‘घोस्टकॅट’ म्हणून २०२० मध्ये गाजले ते हेच. मार्च २०२५ मध्ये आणखी एक दोष जाहीर झाला आणि त्याची दुरुस्ती ९.०.९९ मध्ये आली. तो घातक ठरायला डिफॉल्ट सर्व्हलेटला (टॉमकॅटमधल्या साध्या फाइली देणाऱ्या भागाला) लिहिण्याची मुभा दिलेली असावी लागते. मूळ सेटिंगमध्ये ती नसते, पण फाइल अपलोड होईना म्हणून कोणीतरी ‘रीडओन्ली’ (फक्त वाचा) या सेटिंगची किंमत ‘फॉल्स’ करून ठेवलेली असू शकते. वेब डॉट एक्सएमएल ही सेटिंगची फाइल उघडून तेवढी एक ओळ तपासावीच.

अपडेट केल्यावर सोसायटीचे कामकाज बंद पडते, ही भीती अगदीच खोटी नाही, पण कारणे ठरलेली आहेत. पहिले म्हणजे उत्साहाने थेट १० टाकणे. तिथे ‘जावाएक्स’ नावाची कोडची पॅकेजे ‘जकार्ता’ नावाची झाली आहेत, त्यामुळे जुने अ‍ॅप्लिकेशन तसेच्या तसे उठत नाही. जुन्या सॉफ्टवेअरसाठी ९.० ची ताजी आवृत्तीच घ्यावी. तिला जावा ८ पुरते. दुसरे म्हणजे ‘सीक्रेट’. ९.०.३१ पासून एजेपीला परवलीचा शब्द सक्तीचा झाला. जुनी सर्व्हर डॉट एक्सएमएल ही सेटिंगची फाइल आहे तशी नव्यात नेली की एजेपीचा कनेक्टर सुरूच होत नाही आणि ‘नवीन आवृत्ती खराब आहे’ म्हणत मंडळी जुनीवर परततात. एजेपी वापरात नसेल तर ती ओळच काढावी. असेल तर तोच शब्द पुढच्या वेब सर्व्हरमध्येही घालावा आणि पोर्ट १२७.०.०.१ (म्हणजे तोच संगणक) पुरते बांधावे.

लॉगफोरजेची (नोंदी लिहिणाऱ्या जावा कोडची) गोष्ट वेगळी. डिसेंबर २०२१ मध्ये गाजलेला त्याचा दोष टॉमकॅट बदलून जात नाही, कारण ती फाइल अ‍ॅप्लिकेशनच्या ‘वेब-इन्फ’मधल्या ‘लिब’ फोल्डरात असते. तिथे लॉगफोरजे-कोअरचा आकडा २.१७.१ च्या खाली दिसला, तर ते काम सॉफ्टवेअर कंपनीचे. फाइल बदलून सर्व्हिस रीस्टार्ट केल्याशिवाय मात्र जुनीच मेमरीत चालू राहते.

दोन ढिलाया तर पॅचच्याही आधी बंद करायला हव्यात. शाखेतून जोडता यावे म्हणून राउटरवर ८०८० पोर्ट सरळ इंटरनेटला उघडून दिले जाते. त्याऐवजी व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी, सुरक्षित जोडणी) द्यावे. मॅनेजरचे पान (ब्राउझरमधून सॉफ्टवेअर चढवण्याची टॉमकॅटची सोय) वापरात नसेल तर टॉमकॅटच्या ‘वेबॅप्स’ फोल्डरमधून ‘मॅनेजर’, ‘होस्ट-मॅनेजर’, ‘एक्झाम्पल्स’ आणि ‘डॉक्स’ हे चारही फोल्डर काढून टाकावेत. सोपा पासवर्ड ओळखून मॅनेजरमधून ‘वॉर’ फाइल (सॉफ्टवेअरचे गाठोडे) चढवणे हा घुसखोराचा सर्वांत सोपा रस्ता आहे. आणि टॉमकॅट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या लॉगिनवर चालत असेल, तर त्या एका फाइलबरोबर अख्खा संगणक त्याच्या हातात जातो.

‘वेबॅप्स’मध्ये अनोळखी फोल्डर किंवा जेएसपी फाइल (टॉमकॅट चालवतो ते जावा पान) दिसली, तर लगेच फॉरमॅट मारू नये, पुरावाच जातो. नेटवर्कची वायर काढावी, लॉग (सर्व्हरच्या नोंदी) दुसरीकडे उतरवून घ्यावेत आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावे. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे आणि लॉग १८० दिवस ठेवणे बंधनकारक आहे.

सर्वसाधारण सभेत लाभांशाच्या टक्क्यावर तासभर वाद रंगतो. त्याच सभेत सभासदांनी सर्व्हरची आवृत्ती विचारावी. संचालकांनी पुढची एएमसी करताना त्यात टॉमकॅट, जावा आणि डेटाबेस ही नावे घालून घ्यावीत, दुरुस्ती आल्यापासून किती दिवसांत बसवायची तो आकडा लिहावा आणि बॅकअप परत चढवून दाखवल्याशिवाय बिल मंजूर करू नये.

– एक सर्व्हर व्यवस्थापक, टिळकवाडी, बेळगाव