आमची यादी छोटी करून देणाऱ्या ग्रंथपाल सरांस

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाच्या शिष्यवृत्तीचे पत्र आले, तेव्हा आम्ही दोघे आपले आभार मानायला आलो होतो; परंतु "अर्ज त्याने भरला, मी काय केले?" असे म्हणून आपण विषय संपवलात. आपण काय केलेत ते नेमकेपणाने नोंदवावे, म्हणजे अर्ज भरायला बसलेल्या इतर मुलांना आणि त्यांच्या घरच्यांनाही त्याचा उपयोग होईल, या हेतूने हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आम्ही प्रथम आपल्याकडे आलो ते संकेतस्थळांवरून उतरवलेली लांबलचक यादी घेऊन, आणि आपण तिच्यात आणखी भर घालाल या अपेक्षेने. आपण मात्र पेन्सिल हातात घेऊन नावे खोडायला सुरुवात केलीत. प्रत्येक नावापाशी आपला प्रश्न ठरलेला असे: हे पैसे कोणी ठेवले आहेत, आणि कोणासाठी? उत्तर सापडले नाही किंवा ते उत्तर भावाला लागू पडले नाही, की नाव बाद. त्या वेळी मला हे फार कठोर वाटले होते, हे मान्य करते. पण गुणवत्तेवर दिल्या जाणाऱ्या मदतीसाठी आर्थिक हलाखीचे वर्णन करून, किंवा गरजेवर दिल्या जाणाऱ्या मदतीसाठी पदकांची जंत्री जोडून काही साधत नाही, हे त्या एका प्रश्नामुळेच आम्हाला उमगले.

अटी याच वर्षीच्या सूचनेत वाचाव्यात, हा आपला आग्रहही असाच. दात्याने घातलेल्या अटी त्याच्या पश्चातही टिकतात आणि कधी कधी बदलतातही, हे सांगताना आपण ऑक्सफर्ड विद्यापीठातील शिक्षणासाठी दिल्या जाणाऱ्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीचे उदाहरण दिले होते: ती सेसिल ऱ्होड्स यांच्या मृत्युपत्रातून विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली, परंतु ती मिळवून पहिल्या स्त्रिया शिकायला आल्या त्या १९७७ साली, ब्रिटनमधील कायदा बदलल्यानंतर. तसेच, मिळालेले पैसे परत करायचे आहेत का, हेही आधी पाहायला आपण शिकवलेत. परदेशातील उच्च शिक्षणासाठी १८९२ पासून मदत करणारा जमशेटजी टाटांचा निधी आपली मदत कर्ज म्हणून देतो आणि तसे उघडपणे सांगतो. सगळीकडे ही गोष्ट इतक्या ठळकपणे लिहिलेली नसते.

मोठ्या रकमेच्या आणि गाजलेल्या नावांच्या मागे लागण्यापूर्वी ज्या महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा तिथल्या कार्यालयात आणि विभागात चौकशी करा, त्यानंतर आईवडिलांच्या नोकरीच्या ठिकाणी, त्यांच्या कामगार संघटनेत आणि माजी विद्यार्थ्यांच्या मंडळात विचारा, असा क्रम आपण घालून दिलात. अशा ठिकाणची मदत पुष्कळदा लहान असते, पण तिच्यासाठी अर्ज करणारेही मोजके असतात. जिथे अर्जासाठी शुल्क मागितले जाते, निवडीची हमी दिली जाते, किंवा अर्ज न करताच "आपली निवड झाली आहे" असे कळवून बँकेचा तपशील विचारला जातो, ती नावे आपण एक शब्दही न बोलता खोडलीत.

त्यानंतरचे आपले काम कंटाळवाणे होते, आणि माझ्या मते त्याचेच मोल सर्वांत अधिक आहे. जन्माच्या दाखल्यावर भावाचे पूर्ण नाव होते, गुणपत्रकावर वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर होते आणि बँकेच्या खात्यावर आडनाव आधी होते. तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडून आपण त्या नावांखाली रेघा ओढल्यात आणि अर्ज उघडण्यापूर्वी बँकेतील नाव गुणपत्रकाप्रमाणे करून घ्यायला सांगितलेत. अशा तफावतीमुळे मंजूर झालेली रक्कमही खात्यावर जमा न होता अडकून राहू शकते. उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा चालेल, अंतिम मुदतीची वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे आहे, अर्ज सादर झाल्याची पोचपावती उतरवून घेतली का, हेही आपण एकेक करून विचारलेत.

शिफारसपत्राबाबत आपण दाखवलेली रीत मला विशेष आवडली. शिक्षकांकडे केवळ पत्र मागायला न जाता, शिष्यवृत्तीच्या अटी, भावाने त्यांच्या वर्गात केलेल्या प्रकल्पाची थोडक्यात माहिती आणि पत्र पाठवण्याची तारीख असे टिपण सोबत न्यायला आपण लावलेत, आणि तेही मुदतीच्या पुष्कळ आधी. त्यामुळे "होतकरू व कष्टाळू विद्यार्थी" यापलीकडे काहीतरी लिहिण्याजोगे त्या शिक्षकांच्या हाती आले. निबंधाच्या बाबतीत तर आपण एकही वाक्य लिहून दिले नाहीत. "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे" या त्याच्या पहिल्या ओळीसमोर आपण फक्त "कशावरून?" असे लिहिलेत. शाळेतला बिघडलेला सूक्ष्मदर्शक त्याने सुटा करून पुन्हा जोडला होता, ही घरातल्या कोणालाही सांगावीशी न वाटलेली गोष्ट त्या एका शब्दामुळे निबंधात आली.

शिष्यवृत्तीचे पत्र हाती आल्यावर आम्ही निश्चिंत झालो होतो, आपण नव्हता. रक्कम थेट महाविद्यालयाला जाणार की आधी शुल्क भरून नंतर परत मिळणार, हे आपण विचारलेत. ती नंतर मिळणार होती. पहिल्या हप्त्याची तारीख त्याआधीच येत असल्याने, मंजुरीपत्राची प्रत जोडून महाविद्यालयाकडे मुदतवाढीचा अर्ज करण्याचे आपण सुचवलेत आणि ती मुदत मिळाली. बाहेरची मदत आली की काही महाविद्यालये स्वतःची मदत तेवढ्याने कमी करतात, तेव्हा कपात त्या मदतीतील परत न करायच्या अनुदानातून होणार की कर्जाच्या भागातून, हे लेखी विचारून घ्यावे, ही सूचनाही आपलीच. शिष्यवृत्ती मिळाल्यावरच्या या व्यवहाराविषयी आमच्याशी दुसरे कोणी बोलले नव्हते.

आपण हे सारे वाचनालयाची वेळ संपल्यानंतर, स्वतःची कामे बाजूला ठेवून केलेत, आणि आमच्यासारखे आणखी कितीजण त्या टेबलापाशी बसून गेले असतील याची मला कल्पना नाही. आपल्या त्या वेळेबद्दल आणि त्या पेन्सिलीबद्दल आम्ही दोघे आपले मनःपूर्वक आभारी आहोत.

दुसऱ्या वर्षी मदत चालू राहण्यासाठी ठरावीक गुण राखणे आणि नूतनीकरणाचा अर्ज वेळेत देणे आवश्यक आहे. पहिल्या सत्राचे गुणपत्रक आले की भाऊ तो अर्ज स्वतः भरणार आहे. मी फक्त कागदांवरची नावे जुळतात का ते पाहणार आहे.

आपली कृतज्ञ,
एका विद्यार्थ्याची मोठी बहीण