मंत्रिमहोदय, नमुना आधी आणि अँटिबायोटिक नंतर

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी प्रयोगशाळेत काम करणारा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे. रुग्ण मला क्वचितच दिसतो, दिसते ती नमुन्याची बाटली. ती बहुतेकदा माझ्याकडे येते तेव्हा रुग्णाचे अँटिबायोटिक सुरू होऊन तीन-चार दिवस उलटलेले असतात. औषधाने जंतू आधीच दबलेले असल्याने कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, काही वाढत नाही, मी तसे लिहून देतो आणि केसपेपरवर ‘अन्नातून विषबाधा’ एवढेच राहते.

हे निदान नव्हे. स्टॅफिलोकॉकस या जंतूने अन्नात सोडलेले विष पोटात गेले, तर काही तासांतच उलट्या होतात. तिथे अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. पाणी आणि क्षार भरून काढले की रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत सावरतो. (हे विष दूध उकळूनही जात नाही. २००० साली जपानमध्ये १३ हजारांहून अधिक लोक आजारी पडले ते असेच, दूध पावडरीत आधीच तयार झालेल्या विषामुळे.) रक्ताचे जुलाब असून ताप फारसा नसेल, तर शिगा नावाचे विष बनवणाऱ्या ई. कोलाय या जंतूची शंका घ्यावी लागते. तिथे अँटिबायोटिकही टाळायचे आणि जुलाब थांबवणारी गोळीही. लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होण्याची भीती असते.

कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेला हा जंतू तर भल्याभल्यांना चकवतो. ताप चढतो-उतरतो, रात्री घाम फुटतो, कंबर धरते. मलेरिया, टायफॉइड, टीबी असे सगळे संशय घेऊन होतात. उपचार मात्र दोन औषधांचा, तोही किमान सहा आठवडे. इथे डॉक्टरांना एक विनंती: रक्त पाठवताना फॉर्मवर ‘ब्रुसेला?’ एवढे तरी लिहा. हा जंतू प्रयोगशाळेतल्या माणसांनाच श्वासावाटे धरतो.

अन्नातूनच येणाऱ्या लिस्टेरिया या जंतूबद्दल अधिक सांगायला हवे. तो फ्रीजच्या थंडीतही वाढतो. गर्भवतीला फ्लूसारखी कणकण येते आणि जाते, गर्भ मात्र दगावू शकतो. खाल्ल्यापासून आजार दिसेपर्यंत कधी कधी ७० दिवस लागतात, म्हणून ‘काल काय खाल्ले?’ हा प्रश्न इथे कुचकामी ठरतो. त्यातून नेहमी दिले जाणारे अँटिबायोटिक सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन त्याच्यावर चालत नाही, अ‍ॅम्पिसिलिन लागते.

दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये याच जंतूने हजाराहून अधिक लोकांना गाठले, त्यातले दोनशेहून अधिक गेले. साथ सुरू झाली तेव्हा या आजाराची नोंद तिथे सक्तीची नव्हती. ती डिसेंबर २०१७ मध्ये झाली. पुढे एका पाळणाघरातल्या मुलांना जुलाब झाले, नमुने घेतले गेले आणि तिथल्या फ्रीजमधल्या प्रक्रिया केलेल्या मांसावरून माग थेट कारखान्यापर्यंत पोचला.

म्हणून मागणी अशी: रक्ताचे जुलाब, लांबलेला ताप आणि गर्भवतीचा कारण न सापडणारा ताप यांत पहिल्या डोसआधी नमुना घेणे बंधनकारक करावे, उपचार थांबवा असे मी म्हणत नाही, नमुन्याला लागतात पाच-दहा मिनिटे. केसपेपरवर कच्चे दूध आणि तयार खाद्यपदार्थ यांविषयी एक रकाना ठेवावा. लिस्टेरिया आणि ब्रुसेला यांच्या आजारांची नोंद सक्तीची करावी आणि सापडलेला प्रत्येक जंतू जनुकीय तपासणीसाठी मध्यवर्ती प्रयोगशाळेत जावा.

आदेश निघाला तर बाटल्या आणि कल्चरची माध्यमे पहिल्याच महिन्यात कमी पडतील. त्यांची तरतूद त्याच आदेशात असू द्यावी.

आपला नम्र,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ