आठवीच्या मुलांना प्रोग्रामिंगची पहिली भाषा कोणती?

प्रिय मित्रा,

आठवीला सी शिकवावी की पायथन, असं तू विचारलंस. माझं मत पायथनला. सीमध्ये दोन संख्यांची बेरीज करायची तरी इनक्लूड, मेन, महिरपी कंस हे सगळं आधी लिहावं लागतं. संख्या वाचून घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये ॲम्परसँड (&) राहिला, तर कंपायलर (आपला प्रोग्राम मशिनच्या भाषेत उतरवणारा) फार तर इशारा देतो आणि चालवताना प्रोग्राम कोसळतो. ते चिन्ह कशाला, हे सांगायला मेमरीच्या पत्त्याचा विषय काढावा लागतो. तेरा वर्षांच्या मुलाला ‘आत्ता नुसतं लिही, पुढे कळेल’ म्हणणं मला मुळीच पटत नाही. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सलाही आता पायथनच आहे. ठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या स्क्रॅचला दोन तासिका पुरेत.

सगळ्या मशिन्सवर थॉनी टाक, म्हणजे पायथन लिहून चालवायचं नवशिक्यांसाठीचं सॉफ्टवेअर. पायथन त्यातच येतं, वेगळं बसवावं लागत नाही. लॅबमध्ये विंडोज ७ असेल तर पायथन ३.८ असलेली ३२ बिटची थॉनी घे, ३.९ पासून पुढचं पायथन विंडोज ७ वर चालत नाही. व्ह्यू मेनूतून व्हेरिएबल्सची (किमती साठवणाऱ्या नावांची) खिडकी उघडून ठेव. किंमत बदलताना मुलांना डोळ्यांनी दिसली पाहिजे.

पहिल्याच दिवशी टर्टल घे, म्हणजे पडद्यावर रेघा काढत फिरणारं पायथनमधलं कासव. चार वेळा ‘१०० पुढे, ९० अंश उजवीकडे’ केलं की चौरस होतो. मग मुलांना फक्त ९० चे ७२ करायला सांग. आकृती उघडीच राहते. का, ते तू सांगू नकोस, त्यांना शोधू दे. कुणीतरी चारचे पाच करेल, पंचकोन मिटेल आणि ३६० भागिले बाजू हे भूमितीतलं सूत्र आपोआप हाती लागेल. पाच वेळा १४४ अंश वळवलं की चांदणी होते. एक मात्र बजावून सांग: फाइलला ‘टर्टल’ हे इंग्रजी नाव द्यायचं नाही. दिलं तर पायथन मूळ लायब्ररीऐवजी मुलाचीच फाइल उघडतं आणि एररचा अर्थ कुणालाच लागत नाही.

पुढचा अडथळा इनपुटचा. बेरजेच्या प्रोग्रामला ५ आणि ३ दिले की उत्तर ५३ येतं, कारण इनपुटमधून येतो तो मजकूर, संख्या नव्हे. मजकुराची संख्या करणारं इंट लावणं आधीच शिकवून टाकू नकोस. ५३ आधी पडद्यावर येऊ दे.

आपल्या मुलांसाठी खास गंमत म्हणजे व्हेरिएबलला ‘वय’ किंवा ‘किंमत’ हे देवनागरी नाव चालतं. इनपुटमध्ये १५ देवनागरीत टाइप केले तरी इंट ते ओळखतं. प्रोग्राममध्येच देवनागरी १५ लिहिले तर मात्र एरर येतो. ‘मराठी’ची लांबी विचारली तर उत्तर ५ येतं, कारण काना आणि वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात. या एका उत्तरावर अख्खी तासिका छान रंगते.

एका मशिनवर दोघं बसव आणि दर दहा मिनिटांनी कीबोर्ड बदलायला लाव, नाहीतर एकच टाइप करतो. चाचणीत व्याख्या विचारू नकोस. तीन चुका असलेला बारा ओळींचा प्रोग्राम दे आणि तो चालू करायला सांग.

लॅबमध्ये मशिन्स किती आहेत आणि विंडोज कोणती, ते कळव.

तुझा मित्र