दहा ते पाच कॉलेज आणि पाचला ओहोटी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी जून उजाडला की पेपरात एक बातमी ठरलेली असते, "समुद्रात साडेचार मीटरच्या लाटा उसळणार", सोबत तारखांचं कोष्टक, आणि ती वाचून आमच्याकडे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर लोक हसतात. तुमच्या एकट्याच्या पेपरवर राग नाही, सगळेच छापतात, टीव्हीवाले तर मागे लाटांचा आवाज पण लावतात. पण अहो ती लाटेची उंची नाहीये, भरतीची आहे. त्या दिवशी पाणी ठरलेल्या खालच्या पातळीपासून किती वर चढणार एवढंच त्यात सांगितलेलं असतं, समुद्र ताटातल्या पाण्यासारखा शांत असला तरी आकडा साडेचारच राहणार. वर तो आकडा मुंबईचा. आमच्याकडे पाणी एवढं चढतच नाही, मुंबईहून जसजसं खाली रत्नागिरी, मालवण, गोव्याकडे याल तसतशी भरती-ओहोटीतली तफावत कमी होत जाते.

आता नुसती बातमी सुधारायला पत्र लिहीत नाहीये. प्रश्न असा पडतो की किनाऱ्यावर इतकी कॉलेजं आहेत, समुद्रविज्ञान, पर्यावरणशास्त्र, मत्स्यशास्त्र शिकून दरवर्षी इतकी मुलं बाहेर पडतात, त्यातल्या एकालाही ही बातमी खटकत कशी नाही? याचं उत्तर मला माझ्याच घरात मिळालं म्हणून लिहितोय.

मी बंदरावर बर्फ पुरवतो. वडील तांडेल होते, मी बोटीवर चार सीझन काढले आणि पाठीने साथ सोडली तेव्हा बर्फात आलो. मुलगी किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात समुद्रविज्ञानात एम.एस्सी. करते, विद्यापीठाचं नाव लिहीत नाही कारण तिची अजून दोन सेमिस्टर बाकी आहेत. हुशार आहे, आणि तिचे सर-मॅडम पण वाईट नाहीत हे आधीच सांगतो. मागच्या दिवाळीत तिने मोबाईलवर हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा नकाशा दाखवला, उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि क्लोरोफिल मोजून मासा कुठे मिळायची शक्यता आहे ते सांगतात तो. बाबा, हिरवं पाणी म्हणजे बारीक वनस्पती, त्या आहेत तिथे तारली-बांगडा खायला येणार. आम्ही पाण्याचा रंग बघून आयुष्यभर जे करत आलो त्याचं कारण मला वयाच्या ५४ व्या वर्षी पोरीकडून कळलं, डोळ्यात पाणी आलं खरं सांगतो.

मग मी सहज विचारलं, आज चतुर्थी, भरती किती वाजता? ती मोबाईल काढायला लागली. म्हटलं मोबाईल ठेव, तोंडी सांग. नाही आलं. चंद्र-सूर्याची ओढ, दिवसाला दोन भरत्या, रोज साधारण ५० मिनिटं उशीर, हे सगळं तिने धडाधड सांगितलं, परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते. पण आजची वेळ नाही आली. आमच्याकडे शाळा न बघितलेला खलाशी पण सांगतो, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी म्हणजे चार पाऊणे तीन, तीन वाजता भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला आठ पाऊणे सहा, सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला, अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, जाळं टाकायला तेवढं चालतं.

आणि गंमत पुढे आहे, हीच गोष्ट मला सांगायची आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खालीही उतरतं. खडक उघडे पडतात, एरवी पाण्याखाली असलेलं सगळं दिसतं, कालवं, समुद्रफुलं, खेकडे, डबक्यात अडकलेलं माखूल सुद्धा. पण आपल्या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी अकरा-बाराच्या आसपास येते म्हटल्यावर ओहोटी येणार पहाटे पाच ते सातला आणि संध्याकाळी पाच ते सातला. म्हणजे कॉलेज उघडायच्या आधी आणि बंद झाल्यावर. दहा ते पाचच्या वेळात, भर दुपारी जी ओहोटी सापडते ती अष्टमीच्या आगेमागेची, त्याला आम्ही भांग म्हणतो, त्या दिवसात पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही. हिशोब करून बघा, दहा ते पाचचं टाइमटेबल पाळणाऱ्या मुलाला आपल्या किनाऱ्यावरची खरी ओहोटी दोन वर्षात एकदाही दिसणार नाही. कोणाचा आळस नाही, कट नाही, नुसतं घड्याळ.

मुलीला विचारलं तुमचं किनाऱ्याचं प्रॅक्टिकल कधी असतं. बुधवारी, दुपारी दोन ते पाच. दर बुधवारी! समुद्राला बुधवार कळत नाही. एकदा बस करून चाळीस मुलं घेऊन गेले तर भरतीचं पाणी पार वाळूच्या बांधापर्यंत आलेलं, मग पाण्याचे नमुने बाटल्यात भरले, खारेपणा मोजला, ग्रुप फोटो काढला आणि चहा पिऊन परत. खडकावरचे प्राणी लॅबमध्ये बरणीत बघितले, फॉर्मॅलिनमध्ये पांढरे पडलेले. समुद्रफूल हात लावला की कसं मिटतं ते तिने व्हिडिओत बघितलंय. कॉलेजच्या गेटपासून खडक चालत दहा मिनिटांवर आहे.

आमच्या शेजारच्या काकी भाट्ये खाडीत तिसऱ्या आणि मुळे काढायला जातात, चाळीस वर्षं जातात. भिंतीवरचं पंचांग बघतात, आदल्या रात्री भाकरी करून ठेवतात आणि पहाटे चारला निघतात. त्यांना कोणी फिल्डवर्क म्हणत नाही. कुठल्या भागात शिंपी बारीक झाली, कुठे गाळ वाढला, पूर आला त्या वर्षी गोड्या पाण्याने किती मेली, सगळं डोक्यात आहे, कागदावर एक ओळ नाही. आणि कागदावर लिहायला शिकलेली आमची पोरगी त्या वेळी हॉस्टेलवर झोपलेली, कारण गेट सहाला उघडतं.

संस्था नाहीत असं तर म्हणूच शकत नाही आपण. रत्नागिरीत झाडगावला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र १९५८ पासून आहे, लहानपणी तिथल्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा बघायला आम्ही रांगेत जायचो. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ चं. गोव्यात दोनापावलाला एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, स्थापना १९६६ ची, गोवा विद्यापीठ तिथून जवळच ताळगावच्या पठारावर. मुंबईत वर्सोव्याला केंद्र सरकारची मत्स्य शिक्षण संस्था. (राज्याचं पशू आणि मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपूरला आहे यावर बंदरावर विनोद होतात, पण ते तेवढं बरोबर नाही, भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातले ढीवर पण मच्छीमारच आहेत, त्यांनाही विद्यापीठ पाहिजे.)

हा विषय काढला की लगेच कोणीतरी म्हणतं संशोधन बोट द्या, पन्नास कोटी द्या. बोट आली तर चांगलंच आहे. पण एनआयओची गवेषणी, जी १९७६ मध्ये आली आणि जिच्यावर या देशातल्या कितीतरी समुद्र शास्त्रज्ञांनी काम केलं, ती मुळात गाळ वाहायचा बार्ज होती, सुधारून घेतलेली. आणि ओहोटीला खडकावर जायला तर बोट पण लागत नाही, चप्पल लागते. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीचं पुस्तक आधीच काढतं, त्यात पुढच्या वर्षभराच्या वेळा असतात. टाइमटेबल करणाऱ्या क्लार्कने ते शेजारी घेऊन बसावं, महिन्यातून अमावास्या-पौर्णिमेचे मिळून चार दिवस पहाटे साडेपाच ते साडेआठ प्रॅक्टिकल लावावं आणि त्या दिवशी मुलांना दुपारी सोडावं. एवढीच मागणी आहे माझी.

अडचणी मला माहीत आहेत, मुलीनेच वाचून दाखवल्या. बायोमेट्रिक हजेरी साडेनऊला सुरू होते. पहाटे एसटी नाही. सरांना ओव्हरटाइम नाही. आणि सगळ्यात मोठी भीती मुलं बुडायची, २०१६ मध्ये मुरुडला पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची मुलं गेली तेव्हापासून किनारा म्हटलं की प्राचार्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांची चूक नाही. पण मी म्हणतो भीती आहे म्हणूनच शिकवा ना. पाणी कधी फिरतं, कुठून आत शिरतं, परतीची वाट आधी कुठली बंद होते हे ज्याला माहीत नाही त्यालाच समुद्र ओढतो. जुलैत आम्ही पण जाऊ देणार नाही, नोव्हेंबर ते मार्च न्या, बरोबर गावातला एक म्हातारा खलाशी घ्या, पाचशे रुपये द्या त्याला, तो मुलांना पाण्याकडे पाठ करू देणार नाही.

पहाटेचा दुसरा फायदा बंदर. सात वाजता या मिरकरवाड्यावर, लिलाव चालू असतो, माझे बर्फाचे क्रशर चालू असतात, बोलायला ओरडावं लागतं. सरकारने २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा केला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची कमीत कमी लांबी ठरवून दिली, पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, त्याहून लहान पकडायचा नाही. छान नियम आहे. पण क्रेटमध्ये तळहातापेक्षा लहान पापलेट वरून बर्फ टाकून झाकलेलं मी रोज बघतो, बर्फ माझाच असतो, म्हणून बोलायची लाज पण वाटते. दहा मुलं पट्ट्या घेऊन आठवड्यातून एक दिवस आली आणि नुसतं मोजून वहीत लिहून गेली तरी पाच वर्षात कुठल्या महिन्यात किती बारीक मासा येतो ते कळेल. मारामारी होईल का? पहिल्या दिवशी शिव्या मिळतील. दुसऱ्या दिवशी चहा मिळेल, बंदर असंच आहे.

त्याऐवजी काय चालतं? सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सगळ्यांना सक्तीचं करा म्हणून सांगितलं, म्हणून आता बी.कॉम.च्या मुलाला पण पर्यावरणाचा प्रोजेक्ट असतो. आमच्या नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे तो तयार मिळतो, कांदळवन, कचरा, जागतिक तापमानवाढ असे विषय, नाव घालून स्पायरल बाइंडिंग करून देतो. कांदळवनाच्या प्रोजेक्टवर जो फोटो आहे तो माझ्या मते आपल्याकडचा नाहीच, झाडं ओळखीची वाटत नाहीत. दुकानामागे शंभर पावलांवर खाडी आहे, तिथे कांदळवनातलं खरं चिपीचं झाड उभं आहे.

मुलीने आणि तिच्या चार मैत्रिणींनी आता आपणच ठरवलंय येत्या अमावास्येला पहाटे खडकावर जायचं. मॅडम बरोबर यायला तयार आहेत, स्वतःच्या गाडीने. हॉस्टेलच्या रेक्टर म्हणाल्या पाचला गेट उघडायला विभागप्रमुखांची चिठ्ठी आणा, विभागप्रमुख म्हणाले पालकांची लेखी परवानगी आणा, परवानगीचा छापील फॉर्म आहे, तो मुलीने व्हॉट्सॲपवर पाठवला. मी प्रिंट काढून भरला, सही केली, त्यात बाहेर जाण्याचं कारण असा एक रकाना होता आणि खाली पर्याय दिलेले, आजारपण, लग्नकार्य, परीक्षा, इतर. इतरवर खूण करून पुढे "ओहोटी" लिहिलं आणि परत पाठवून दिला. आज आठ दिवस झाले, अजून उत्तर नाही, आणि अमावास्या मंगळवारी आहे.

आपला,
एक बर्फवाला वाचक
मिरकरवाडा, रत्नागिरी