हिंगोट बघायला जाण्यापूर्वी

इंदूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या मित्रांना हिंगोट, म्हणजे दारू भरलेली पेटती फळं एकमेकांवर फेकायचा दिवाळीतला खेळ, दाखवायला गौतमपुऱ्याला नेणार म्हणतोस, अवश्य ने. पण ती आतषबाजी नव्हे, हे त्यांना आधीच सांग. दरवर्षी माणसं भाजतात; 2017 साली एक तरुण दगावला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.

गौतमपुरा इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूर तहसिलीत, मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाचं गाव. 1734 साली पेशव्यांनी होळकरांना खासगी जहागीर दिली ती याच बाईंच्या नावे. मोगलांच्या घोडेस्वारांवर हिंगोट फेकून गाव राखलं, त्याचा हा सराव, असं तिथे सांगतील. मन लावून ऐक, पण मित्रांना सांगताना दंतकथा म्हणूनच सांग. खरी परंपरा हिंगोट घडवणाऱ्या हातांकडे आहे.

हिंगोट म्हणजे आपलं हिंगणबेट. हिंगणाचं झाड काटेरी, माळरानातलं. याच्या गराने पूर्वी रेशमी वस्त्रं धूत. फळ लिंबाएवढं. त्याची साल काढायची, आतून कोरून पोकळ करायचं आणि कवटी उन्हात खडखडीत वाळवायची. मग आत बंदुकीची दारू ठासून एक तोंड पिवळ्या मातीने बंद करतात, दुसरीकडे वात लावतात आणि वीतभर बांबूची कामटी घट्ट बांधतात. कामटीमुळेच ते सरळ जातं. ती वाकडी किंवा सैल बसली की हिंगोट मध्येच वळतो, कधी फेकणाऱ्याकडेच. कवटीला बारीक चीर असली तर हातातच फुटतो. दारू दमट राहिली तर नुसता सुरसुरतो, पडतो, आणि विझला वाटत असताना पुन्हा पेटतो. म्हणून जुने हात प्रत्येक कवटी बोटांनी चाचपून घेतात. हल्ली झाडं कमी झालीत, फळांसाठी लांब भटकावं लागतं. मला याची फार काळजी वाटते.

खेळ लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी. तिथीचा घोळ असेल त्या वर्षी महाराष्ट्रातल्या कॅलेंडरवर विसंबू नकोस, गावात विचार. खेळणारी दळं दोन : तुर्रा गौतमपुऱ्याचा, कलंगी शेजारच्या रुणजी गावाची. आपल्या शाहिरांत कलगी-तुऱ्याचे सवाल-जबाब होतात, इथे उत्तर आगीने देतात. दोन्ही दळं देवनारायणाचं दर्शन घेऊन मैदानात येतात : डोक्याला साफा, एका हातात ढाल, दुसऱ्यात जळतं लाकूड, खांद्यावर हिंगोटांची झोळी. दिवेलागणीला इशारा झाला की सुरू. सगळ्यात मोठा धोका झोळीचा. तिच्यात एक ठिणगी गेली की सगळे हिंगोट एकदम पेटतात. झोळी फेकून पळणं एवढंच हाती उरतं. साठा संपला की खेळ संपला. हार-जीत नसते. दोन्हीकडचे गळाभेट घेऊन घरी जातात, ते बघायला थांबा.

तुम्ही चारपर्यंत पोचा, गाडी गावाबाहेर तोंड फिरवून लावा. प्रेक्षकांसाठी लावलेल्या जाळीच्या मागेच राहा, पण तिला चिकटून नको. हिंगोट जाळीवरूनही येतो. कपडे जाड सुती, नायलॉनचं काही नको, पायात बूट, डोळ्यांवर चष्मा. भाजलंच तर वीस मिनिटं साध्या गार पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. रुग्णवाहिका मैदानाजवळच असते.

आणि जमलं तर दसऱ्याच्या सुट्टीत एकदा जाऊन ये. तयारी तेव्हा चालू असते, आणि आगीच्या फोटोंपेक्षा त्या कोरणाऱ्या हातांचे फोटो जास्त मोलाचे ठरतील. विचारल्याशिवाय काढू नकोस. कवटी हवी तर रिकामी माग. भरलेला हिंगोट कोणी प्रेमाने दिला तरी घेऊ नकोस, आणि तो पिशवीत घालून बसने तर मुळीच आणू नकोस.

तुझी
आई